कुर्डूची वाडी, बार्शीचं स्टेशन

मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे 1860 साली सोलापूरला पोहोचली, पण वाटेत बार्शीला तिने बगल दिली. कापसाची नावाजलेली पेठ रुळांपासून वीसेक मैलांवर राहिली. बार्शीचा माल मग बैलगाड्यांतून माढा तालुक्यातल्या कुर्डू गावाच्या वाडीपाशी येऊ लागला. तिथल्या स्टेशनाचं नाव पडलं ‘बार्शी रोड’. वाडी एका गावची, पाटी दुसऱ्याची! आज कुर्डुवाडीला नगरपालिका आहे आणि मूळ कुर्डूत ग्रामपंचायत.

1897 साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट. चाकांच्या कुठल्याही जोडीवर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, इंजिन असो की वाघीण, हा त्याचा हिशेब. भार असा सारखा वाटला की हलके, स्वस्त रूळ पुरतात आणि डबेही भरपूर माल घेतात. हीच विद्या त्याने 1904 साली स्टॅफर्डशायरमधल्या एका छोट्या रेल्वेसाठी वापरली. म्हणजे आधी बार्शी, मग इंग्लंड; हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

गाव वाढलं ते मात्र या हुशारीतल्या अडचणीवर. मोठी लाइन साडेपाच फुटी. छोट्या गाडीचा डबा तिच्यावर जाणार कसा? पोतं न् पोतं इकडून उतरवून तिकडे चढवायचं. त्यासाठी हमाल हवेत, गोदामं हवीत. 1906 साली फाटा पंढरपूरला गेला आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरीही इथेच गाडी बदलू लागले. 1911 साली लातूर, 1927 साली मिरज. सगळे मिळून सव्वातीनशे किलोमीटर. कंपनीचं वर्कशॉप इथलंच, त्यामुळे फिटर आणि फायरमन बिऱ्हाडं करून राहिले. आसपास कोरडवाहू ज्वारीचा मुलूख, आणि त्यात हे पगारावर जगणारं गाव.

1954 साली सरकारने कंपनी विकत घेतली. या शतकाच्या पहिल्या दहाएक वर्षांत छोटे रूळ उखडून ब्रॉडगेज आलं. मुंबई-लातूर गाडीतल्या प्रवाशाला आता इथे उतरावं लागत नाही, की पोत्याला हमालाची पाठ लागत नाही. वर्कशॉप तेवढं जागचं हललं नाही; छोट्या गाडीसाठी उभारलेल्या त्या शेडांना आता ब्रॉडगेजचं काम मिळतं.