पहिल्या हंगामाचे कार्ड : आपल्या संघाचा संग्रह कसा निवडावा?



यंदा दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यापासून शाळेत क्रिकेटच्या कार्डांची हवा आहे. मधल्या सुट्टीत कंचे मागे पडले आणि आयपीएलच्या खेळाडूंची चकचकीत कार्डे पुढे आली. आम्ही काही त्यावर रागावलो नाही. आमच्या तरुणपणी बबलगमच्या पुडीतून निघणारे चित्र आम्हीही वहीत जपून ठेवत होतो. पण गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली, म्हणून हा लेख लिहावा लागला.

कक्षा सातवीच्या एका विद्यार्थ्याने घरून एक जुने पान आणले. त्यावर मुश्ताक अली साहेबांची सही होती. त्याच्या आजोबांनी ती तरुणपणी इंदूरला मिळवली होती. मुलाने ते पान देऊन एक सोनेरी कार्ड घेतले. घरी कळेपर्यंत ते पान तिसऱ्या हाती गेले होते. चार दिवस विचारपूस केल्यावर ते सापडले, कोपऱ्यावर शाईचा डाग पडलेले. आजोबा कोणाला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, “ह्यांना हे कोण होते ते ठाऊक आहे का?”

या प्रश्नाचे उत्तर शाळेने द्यायला हवे, असे आम्हाला वाटले. संग्रह करणे वाईट नाही. काय घ्यावे, काय सोडावे हे न कळता केलेला संग्रह मात्र नुकसान करतो.

योगायोगाने आपल्या एका पालकांचे नातेवाईक अमेरिकेतून बेसबॉलची कार्डे घेऊन आले होते. त्यांच्याकडून आम्ही पुष्कळ समजून घेतले. तिथे हा छंद शंभर वर्षांहून जुना आहे. सुरुवातीला ही कार्डे सिगारेटच्या पाकिटात येत, पुढे बबलगमबरोबर येऊ लागली. त्यात सर्वात जास्त मान ‘रूकी कार्डा’ला आहे. रूकी म्हणजे नवखा. खेळाडू मोठ्या संघात पहिल्यांदा आला, त्या सुमारास छापलेले ते कार्ड. आपण त्याला ‘पहिल्या हंगामाचे कार्ड’ म्हणू.

त्याला मान का? कारण त्या वेळी तो मुलगा पुढे मोठा होईल हे कोणालाच माहीत नसते. म्हणून ते कार्ड कोणी सांभाळत नाही. ते सायकलच्या चाकात अडकवून फाटते नाहीतर रद्दीत जाते. पुढे खेळाडूचे नाव झाले की थोडीच शिल्लक राहिलेली असतात.

पण ‘जुने ते पहिले’ आणि ‘महाग ते पहिले’ असे समजू नये. मिकी मँटल नावाच्या खेळाडूचे टॉप्स कंपनीचे 1952 चे कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकले गेले. तरी ते त्याचे रूकी कार्ड नाही. त्याचे रूकी कार्ड बोमन कंपनीचे, 1951 चे आहे. मग 1952 चे इतके महाग कसे? एक तर ते टॉप्सच्या पहिल्या मोठ्या मालिकेतले आहे. शिवाय त्या मालिकेचा न खपलेला माल 1960 मध्ये समुद्रात टाकून दिला, असे कंपनीचे साय बर्गर सांगत असत. याच्या उलटही झाले आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी लोकांनी ‘पुढे भाव येईल’ म्हणून रूकी कार्डांची खोकीच्या खोकी भरून ठेवली. कंपन्यांनीही अफाट छापली. सगळ्यांनीच सांभाळली, म्हणून त्यांतल्या बहुतेकांना आज काही किंमत नाही. म्हणजे भाव ठरतो तो मागणी किती आणि चांगल्या स्थितीत शिल्लक किती यावरून, चकाकीवरून नाही.

आता संघाच्या संग्रहाकडे येऊ. एकाच संघाचा संग्रह करायचा असेल तर आधी तीन गोष्टी वहीत लिहाव्यात : संघ कोणता, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि एकूण कार्डे किती. सीमा ठरली की गुल्लकही वाचते. त्यानंतर एकेक कार्ड पाहून निवडावे. बंद पाकिटातून आपल्याला हवे तेच निघेल याचा भरवसा नसतो, आणि पाकिटामागून पाकीट फोडणे हा एक प्रकारचा जुगारच होतो.

निवडताना पहिले पाहावे ते हे, की कार्डावरचा खेळाडू आपल्या संघाच्या पोशाखात आहे का. खेळाडू सुरुवात एका संघात करतो आणि नाव दुसऱ्यात कमावतो. नोलन रायन या गोलंदाजाचे 1968 चे रूकी कार्ड न्यूयॉर्क मेट्सचे आहे, आणि त्यावर त्याच्याबरोबर जेरी कूसमन हा दुसरा नवखा गोलंदाजही आहे. रायनची पुढची मोठी कारकीर्द मात्र दुसऱ्या संघांत झाली. मेट्सचा संग्रह करणाऱ्याला ते कार्ड हवेच. टेक्सासचा संग्रह करणाऱ्याने रायनचे त्या संघातल्या पहिल्या वर्षाचे कार्ड घ्यावे. दुसरे म्हणजे वर्ष तपासावे. बेसबॉलमध्ये 2006 पासून खऱ्या रूकी कार्डावर ‘आरसी’ अशी खूण छापतात. जुन्या कार्डांना ती नाही, तिथे खेळाडूचा पहिला हंगाम आपणच शोधावा लागतो. तिसरे म्हणजे कोपरे, कडा, पृष्ठभाग, आणि चित्र मधोमध छापले आहे की नाही, हे पाहावे. चौथे म्हणजे फक्त ताऱ्यांच्या मागे लागू नये. संघ अकरा जणांचा असतो.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे. मुश्ताक अली इंदूरचे. 1936 मध्ये इंग्लंडला मँचेस्टरच्या कसोटीत त्यांनी 112 धावा केल्या. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. ते होळकर संघाचे. रणजी स्पर्धेत 1944-45 ते 1954-55 या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा जिंकला : 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53. कर्णधार कर्नल सी. के. नायडू, भारताचे 1932 चे पहिले कसोटी कर्णधार. 1945-46 मध्ये म्हैसूरविरुद्ध या संघाने 8 बाद 912 धावा केल्या, आणि त्या एका डावात सहा जणांची शतके होती. चंदू सरवटे याच संघाचे. 1946 मध्ये ओव्हलवर सरे संघाविरुद्ध शूट बॅनर्जींबरोबर शेवटच्या जोडीत 249 धावा जोडणारे तेच.

या संघाचा संग्रह करायचा म्हटले तर निवडीचे सगळे प्रश्न समोर येतात. नायडू होळकर संघात आले तेव्हा ते नवखे मुळीच नव्हते. मग त्यांचे ‘पहिले’ वर्ष कोणते धरायचे? भाऊसाहेब निंबाळकर होळकरकडून खेळले, पण डिसेंबर 1948 मधल्या त्यांच्या नाबाद 443 धावा पुण्यात महाराष्ट्राकडून आहेत. डेनिस कॉम्प्टन युद्धामुळे महूच्या छावणीत होते. 1944-45 च्या अंतिम सामन्यात ते होळकरकडून नाबाद 249 धावा करून गेले. त्यांना घ्यायचे की पाहुणे म्हणून सोडायचे? आमचे मत असे, की संघाच्या संग्रहात खेळाडूचे त्या संघातले पहिले वर्ष धरावे, आणि एक सामना खेळलेल्यालाही जागा द्यावी.

होळकर संघाची कार्डे दुकानात मिळणार नाहीत. म्हणून ती आपणच करू. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच पुठ्ठा घ्यावा, बेसबॉल कार्डाचे हेच माप आहे. पुढे चित्र किंवा रेखाटन. मागे नाव, जन्मगाव, संघातला पहिला हंगाम, एक कामगिरी, आणि माहिती कोणाकडून मिळाली ते. शेवटची ओळ विसरू नये. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करावी.

आजच्या मध्य प्रदेश संघाचाही संग्रह करता येईल. जून 2022 मध्ये बंगळूरूला मुंबईला हरवून मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. 1998-99 चा अंतिम सामना त्याच गावी हरलेल्या आपल्या संघाचे ते कर्णधार होते. या विजयात शतक करणारे इंदूरचे रजत पाटीदार त्याच वर्षीच्या आयपीएल लिलावात कोणी घेतले नव्हते. 2025 मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली बंगळूरूच्या संघाने आयपीएल जिंकली. पहिल्या वर्षी ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही, त्याचेच कार्ड उद्या शोधावे लागते. वर्गातल्या शेवटच्या बाकाविषयीही आम्हा शिक्षकांना हेच लक्षात ठेवावे लागते.

आता शाळेचे नियम. कार्डे फक्त शनिवारी आणावीत. पैशाने देवाणघेवाण करू नये. घरातली जुनी वस्तू, सही, नाणे, फोटो, पत्र, पालकांच्या चिठ्ठीशिवाय शाळेत आणू नये आणि बदल्यात तर देऊच नये. कार्डाला डिंक, रबर किंवा स्टेपल लावू नये. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात, उन्हापासून व ओलीपासून दूर ठेवावे.

ते पान आता आजोबांच्या कपाटात आहे. सोनेरी कार्ड ज्याचे होते त्याला परत गेले. सातवीच्या त्या विद्यार्थ्याने होळकर संघाचे पहिले कार्ड स्वतः तयार केले आहे. त्याच्या मागे शेवटच्या ओळीत ‘माहिती : माझे आजोबा’ असे लिहिले आहे. उरलेली दहा कार्डे आपल्या सर्वांकडून यावीत, ही अपेक्षा.

आपले,
प्राचार्य