सही कोणाची? ज्येष्ठांचे बँक खाते, चेक आणि आठ गैरसमज

निवृत्तीनंतर पेन्शन, ठेवींचे व्याज आणि औषधपाण्याचा खर्च बहुधा एकाच बचत खात्यातून फिरतो. त्या खात्याचे चेकबुक, पासबुक आणि मोबाइल मात्र घरातल्या-शेजारच्या चार जणांच्या हातांतून जातात. अशा खात्यांवर डल्ला मारणारे बरेच आहेत आणि त्यांच्याविषयीच्या ऐकीव समजुतीही बऱ्याच आहेत. गंमत अशी की, कायदा खातेदाराच्या पाठीशी उभा राहतो तिथे माणसे हाय खाऊन गप्प बसतात आणि कायदा मदतीला येत नाही तिथे निर्धास्त असतात.

गैरसमज १ : खोट्या सहीचा चेक वटला, आपण पासबुकही भरून घेतले नव्हते, म्हणजे पैसे गेलेच.
वस्तुस्थिती : खोट्या सहीचा चेक हा खातेदाराचा आदेशच नव्हे. त्यामुळे त्यावर खात्यातून रक्कम वजा करण्याचा अधिकार बँकेला नसतो. ‘कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन’ या खटल्यात कंपनीच्याच हिशेबनिसाने खोट्या सह्या करून वर्षानुवर्षे पैसे काढले होते. कंपनीने हिशेब वेळीच तपासले नाहीत, असा बँकेचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये तो फेटाळला. पासबुक न तपासणे एवढ्यावर खातेदाराचा हक्क बुडत नाही. फसवणूक माहीत असूनही तो गप्प बसला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा देखभालीला ठेवलेल्या माणसाने किंवा नातलगाने खोटी सही केली असेल, तर बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी आणि पोलिसांतही कळवावे. हात थरथरू लागला की सही बदलते. अशा वेळी बँकेत नमुना सही नव्याने देऊन ठेवावी.

गैरसमज २ : सही करून दिलेल्या कोऱ्या चेकला कायद्यात किंमत नाही.
वस्तुस्थिती : किंमत आहे आणि ती जबर आहे. असा कागद स्वतःहून दुसऱ्याच्या हाती दिला, की उरलेला मजकूर भरण्याची मुभा १८८१ च्या ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स’ कायद्याचे कलम २० त्याला देते. आपण सही केलेला चेक दुसऱ्याने भरला, एवढ्याने खातेदार सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार’ या २०१९ च्या निकालात स्पष्ट केले. इथे सही खरी असल्यामुळे बँकेला दोष देता येत नाही. चेक न वटल्यास उलट खातेदारावरच खटला उभा राहू शकतो. ‘काका, दोन चेकवर नुसत्या सह्या करून ठेवा, बाकीचे मी बघतो,’ असे म्हणणारा कितीही ओळखीचा असो, त्याला नाही म्हणावे.

गैरसमज ३ : चेकवर नाव लिहिले, म्हणजे पैसे त्यालाच मिळणार.
वस्तुस्थिती : छापील चेकवरचे ‘किंवा धारकास’ हे शब्द खोडले नाहीत आणि चेक क्रॉस केला नाही, तर तो घेऊन काउंटरवर येणाऱ्यालाही रोख मिळू शकते. कोपऱ्यात दोन रेघा मारून त्यांत ‘अकाउंट पेयी’ लिहिले, की रक्कम त्या नावाच्याच खात्यात जमा व्हावी लागते.

गैरसमज ४ : ‘कॅन्सल्ड’ लिहिलेला चेक निरुपद्रवी असतो.
वस्तुस्थिती : कर्ज किंवा विम्याच्या नावाखाली येणारे भामटे लिहायला स्वतःचे पेन पुढे करतात. त्यातली शाई साठेक अंश सेल्सिअसच्या उष्णतेने पुसली जाते. ‘कॅन्सल्ड’ नाहीसे होते आणि आपली सही तेवढी उरते. म्हणून पेन नेहमी आपलेच वापरावे आणि रद्द केलेल्या चेकवर सही करूच नये.

गैरसमज ५ : मोठ्या रकमेचा चेक आला तर बँक विचारेलच, नाहीतर दोन दिवसांत थांबवता येईल.
वस्तुस्थिती : ५०,००० रुपये आणि त्यावरील चेकसाठी १ जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ची सोय आहे. दिलेल्या चेकचा क्रमांक, तारीख, नाव व रक्कम खातेदाराने बँकेला आधी कळवायची. चेक आला की बँक ते जुळवून पाहते. पण नोंदच केली नाही, तर जुळवणार कशाशी? पाच लाखांपासून पुढे बँका ही नोंद सक्तीची करू शकतात, त्याखाली ती खातेदाराच्या मर्जीवर आहे. शिवाय ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअरिंगला जातात. त्यामुळे दोन दिवसांचा जुना हिशेब आता चालणार नाही. चेक हरवल्याचे लक्षात येताच ‘स्टॉप पेमेंट’ सांगावे.

गैरसमज ६ : बँकेच्या कामासाठी भाच्याचे नाव खात्यात घातले की सोय होते.
वस्तुस्थिती : ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीच्या खात्यातून दोघांपैकी कोणीही पूर्ण रक्कम काढू शकतो. त्यात खोटी सही नसते, त्यामुळे बँकेकडे तक्रार करायला जागाही राहत नाही. नुसती बँकेत ये-जा जमत नसेल, तर सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच बँकसेवा देण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना २०१७ पासून आहेत. चेकबुकसाठीही ज्येष्ठांना शाखेत बोलावण्याचा आग्रह बँकेला धरता येत नाही.

गैरसमज ७ : ऑनलाइन गेलेला पैसा परत येत नाही.
वस्तुस्थिती : चूक बँकेची असेल, तर खातेदाराची जबाबदारी शून्य. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही अशा व्यवहारात, बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तरीही ती शून्यच. चार ते सात दिवसांत कळवले, तर नेहमीच्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार येतो. चूक खातेदाराची होती हे सिद्ध करणे बँकेचे काम. मात्र ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक झाली असली तरीही लगेच कळवण्यातच फायदा आहे. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा इथे उपयोगी पडत नाही. तो बँक बुडाल्यास मिळतो.

गैरसमज ८ : अडाणी किंवा लोभी माणसेच फसतात.
वस्तुस्थिती : वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना ऑगस्ट २०२४ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, सात कोटी रुपयांना गंडवले गेले. सीबीआयचे तोतया अधिकारी आले, सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणीही झाली. इथे लोभ कुठे होता? होती ती अटकेची भीती. असे भामटे जिची धमकी देतात, त्या ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. ओसवाल यांनी तक्रार केली आणि पाच कोटींहून अधिक रक्कम पोलिसांनी परत मिळवली.

थोडक्यात, प्रत्येक प्रकरणात दोनच प्रश्न निर्णायक ठरतात : सही किंवा पिन आपण दिला होता का, आणि बँकेला किती लवकर कळवले? पैसे ऑनलाइन गेले असतील, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांक लगेच फिरवावा. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत दाद मागता येते. आणि मुलासुनांना, लेकीजावयांना एक विनंती. आईवडील फसले तर ‘असे कसे फसलात?’ हा प्रश्न नंतरही विचारता येईल. त्या बोलण्याच्या भीतीनेच कितीतरी ज्येष्ठ गप्प राहतात आणि मुदत निघून जाते. आधी त्यांच्यासोबत बँकेत जा.