खिशांतील पडदा

जपानांत तयार होणाऱ्या चलच्चित्रांच्या मालिकांना ‘अ‍ॅनिमे’ असें म्हणतात. आज हव्या त्या क्षणीं अशी मालिका इंटरनेटवरून थेट मोबाइलच्या पडद्यावर उतरते. त्यामुळें वीस वर्षांपूर्वीं तिचा एकेक भाग खिशांत घालून नेण्यासाठीं रसिकाला केवढा खटाटोप करावा लागे, याची कल्पना येणें कठीण आहे.

१२ डिसेंबर २००४ रोजीं सोनी कंपनीचें ‘पीएसपी’ हें खेळाचें यंत्र जपानांत विक्रीस आलें. त्याचा पडदा ४.३ इंचांचा होता. ऑक्टोबर २००५ मध्यें अ‍ॅपल कंपनीनें चलच्चित्रें दाखविणारा आयपॉड काढला. त्याचा पडदा अवघा अडीच इंचांचा. खेळ आणि गाणीं यांसाठीं घेतलेलीं हीं यंत्रें रसिकांनीं प्रवासांत मालिका पाहण्याच्या कामीं लावलीं.

परंतु मालिका मिळाली म्हणजे ती यंत्रावर चालेच असें नसे. जपानबाहेरील रसिकांच्या मंडळ्या संवादांचें भाषांतर करून तें चित्राखालीं देत व ते भाग एकमेकांना वाटीत. या फायली संगणकासाठीं केलेल्या असत. कित्येकींत चित्र, ध्वनि आणि भाषांतराचीं अक्षरें निरनिराळीं ठेवून एका वेष्टनांत बांधलेलीं असत. संगणक तिन्ही जुळवून दाखवी; आयपॉडला तें वेष्टनच उलगडत नसे. नुसतें रूपांतर केलें तर चित्र दिसे, आवाज ऐकूं येई, पण अक्षरें नाहींशीं होत. आणि जपानी न जाणणाऱ्याला त्यांवांचून सारी कथाच मुकी!

यावर उपाय एकच होता. अक्षरें चित्रांतच कायमचीं कोरावयाचीं आणि मग सारें चित्र लहान करून नव्यानें आवळावयाचें. आयपॉडच्या पडद्यावर आडवे ३२० व उभे २४० बिंदु मावत. ६४० बिंदु रुंदीचें चित्र त्यावर आणलें कीं अक्षरांची उंचीहि निम्मी होई. म्हणून तीं आधींच मोठीं करावीं लागत. चित्रासाठीं सेकंदास ७६८ व ध्वनीसाठीं १२८ किलोबिट धरले, तर २४ मिनिटांचा एक भाग सुमारें १६० मेगाबाइटांचा होई. पीएसपीच्या कांहीं संचांबरोबर मिळणाऱ्या ३२ मेगाबाइटांच्या कार्डावर तो मावणें अशक्यच. शिवाय ३० गिगाबाइटांच्या आयपॉडची बॅटरी चित्रें दाखवितांना दोन तासांपर्यंत टिकते, असें कंपनीच सांगे. म्हणजे जेमतेम पांच भाग.

या उद्योगाला दुसरी बाजूहि होती. भाषांतर करणाऱ्या मंडळ्या बहुधा मोबदला घेत नसत. तथापि मालिकेच्या धन्याची अनुमतिहि त्यांना नसे. डिसेंबर २००४ मध्यें मीडिया फॅक्टरी या जपानी संस्थेनें आपल्या मालिकांचें असें वाटप थांबविण्याविषयीं पत्रें धाडलीं. जानेवारी २००९ मध्यें ‘नारुतो शिप्पूडेन’चे नवे भाग जपानी प्रक्षेपणानंतर थोड्याच वेळांत क्रंचीरोलवर अधिकृत भाषांतरासह येऊं लागले, आणि त्या खटाटोपाचें प्रयोजन हळूहळू सरलें.

त्या काळीं खिशांतील प्रत रसिकाच्या हातीं राही, पण तिला अनुमति नसे. आज अनुमति आहे. परंतु करार संपला कीं मालिका पडद्यावरून नाहींशी होते आणि रसिकाच्या हातीं प्रत उरत नाहीं.