डेस्कटॉप ॲप कशात बनवू? आधी समोरचा कम्प्युटर बघा!

गेले काही दिवस एकच प्रश्न वारंवार येतोय: "दादा, डेस्कटॉप ॲप बनवायचंय, सुरुवात कशात करू?" उत्तर देण्याआधी माझी फजिती ऐका.

बार्शीजवळ माझ्या मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. त्यांच्यासाठी मी बिलिंगचं ॲप बनवलं. ऑफिसात रोज जावास्क्रिप्टच लिहितो, म्हणून फार विचार न करता इलेक्ट्रॉन घेतलं, व्हीएस कोड उघडला आणि सुरू झालो. माझ्या १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ॲप मस्त पळायचं. जूनमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, पेनड्राइव्ह घेऊन दुकानात पोचलो. काउंटरवरचा कम्प्युटर विंडोज ७ चा, रॅम २ जीबी. ॲप उघडलंच नाही! बियाण्यासाठी रांग लागलेली. मामा काही बोलले नाहीत, गुपचूप ड्रॉवरमधून पावतीपुस्तक काढलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

चुकलं कुठे? विंडोज ७ वर चालणारी इलेक्ट्रॉनची शेवटची आवृत्ती २२. मी त्यापुढची वापरली होती. आणि चाललं असतं तरी रडतरखडतच. कारण इलेक्ट्रॉनचं प्रत्येक ॲप आपल्यासोबत आख्खा क्रोमियम ब्राउझर घेऊन फिरतं. त्यामुळे साधं "हॅलो वर्ल्ड" पण १०० एमबीच्या पुढे जातं.

मग मी उलट्या बाजूने विचार केला. मशीन जुनं, पण विंडोजच. म्हणजे सी शार्प आणि विंडोज फॉर्म्स. २००२ पासूनची जुनी गोष्ट आहे, पण डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ वर चालतं. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती विद्यार्थ्यांना आणि एकट्याने काम करणाऱ्यांना फुकट आहे. बटण ओढा, फॉर्मवर ठेवा, डबल क्लिक करा, कोड लिहा. डीबगर सोबतच येतो. डेटा एसक्यूलाइटच्या एका फाइलमध्ये ठेवला, वेगळा सर्व्हर नको.

म्हणजे इलेक्ट्रॉन वाईट का? अजिबात नाही. व्हीएस कोड स्वतः इलेक्ट्रॉनवरच बनलाय! विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे तेच ॲप हवं, मशीन बऱ्यापैकी आहे आणि वेब येतंय, तर बिनधास्त घ्या. ॲप हलकं हवं तर टाउरी बघा. ते सिस्टिममधलाच वेबव्ह्यू वापरतं, मात्र थोडं रस्ट शिकावं लागेल. मोबाइल ॲप आधीच फ्लटरमध्ये असेल तर २०२२ पासून तिन्ही डेस्कटॉपवर त्याचा स्थिर सपोर्ट आहे. सी प्लस प्लस येत असेल आणि वेग हवा असेल तर क्यूटी. फक्त त्याचं लायसन्स आधी नीट वाचा.

थोडक्यात, इन्स्टॉल बटण दाबण्याआधी तीन प्रश्न विचारा. ॲप कुठल्या मशीनवर चालणार? मला आत्ता कोणती भाषा येते? आणि दोन वर्षांनी बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? पहिलं उत्तर फोनवर विचारू नका, जाऊन बघा. मी विचारलं तेव्हा मामा म्हणाले होते, "अरे, चांगला आहे की कम्प्युटर!"

दिवाळीपर्यंत नवं ॲप काउंटरवर लागलं. विंडोज ७ चे सिक्युरिटी अपडेट्स जानेवारी २०२० मध्येच थांबलेत, म्हणून तो कम्प्युटर नेटला जोडलेला नाही, आणि नवा घ्या म्हणून माझी भुणभुण चालू आहे. पावतीपुस्तक अजून ड्रॉवरमध्येच आहे. मामा म्हणतात, "राहू दे, लाइट गेली तर?" तेही बरोबरच!

चला, भेटू पुढच्या भागात.