सीआयएसएफचा गणवेश निवडण्याआधी

बेंगळुरूच्या महादेवपुरा भागात, ब्रुकफील्डमधल्या रामेश्वरम कॅफेत १ मार्च २०२४ च्या दुपारी स्फोट झाला. ऐन जेवणाची वेळ होती. अनेक जण जखमी झाले. गुन्हा स्थानिक पोलिसांनी नोंदवला, दोन दिवसांत तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, म्हणजे एनआयएकडे गेला आणि १२ एप्रिलला पश्चिम बंगालमधून दोघांना अटक झाली. हे सगळं घडून गेल्यानंतरचं काम. ते घडूच नये म्हणून दारात उभं राहून माणसं, गाड्या आणि पिशव्या तपासणं हे वेगळं काम आहे आणि देशाने त्यासाठी स्वतंत्र केंद्रीय दल उभारलेलं आहे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, आपल्या बोलण्यातलं सीआयएसएफ. भरतीची तयारी करणाऱ्या मराठी मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे काम नीट समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

या दलाचा जन्म एका आगीतून झाला. १९६४ मध्ये रांचीच्या हेवी इंजिनीअरिंग कॉर्पोरेशनमध्ये मोठी आग लागली. तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बी. मुखर्जी आयोगाने सार्वजनिक उद्योगांसाठी प्रशिक्षित सुरक्षा दल हवं, अशी शिफारस केली. १९६८ मध्ये कायदा झाला आणि १० मार्च १९६९ रोजी सुमारे २,८०० जणांचं दल उभं राहिलं. १९८३ मध्ये त्याला केंद्राच्या सशस्त्र दलाचा दर्जा मिळाला. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ विमानाचं अपहरण झालं आणि त्यानंतर विमानतळही या दलाकडे येऊ लागले. सुरुवात फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून झाली. आज दिल्ली मेट्रो, ताजमहाल, बंदरं, अणुऊर्जा आणि अवकाश विभागाच्या संस्था आणि २०२४ पासून संसद भवनही त्यांच्याकडे आहे.

बेंगळुरूपर्यंतचा या दलाचा रस्ता मुंबईवरून गेला आहे. २६/११ च्या हल्ल्याने खासगी ठिकाणंही लक्ष्य होऊ शकतात हे दाखवून दिलं. तोवर खासगी कंपनीला सीआयएसएफचं संरक्षण देण्याची कायद्यात सोय नव्हती. २००९ मध्ये कायदा बदलला आणि त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या इन्फोसिसच्या आवारात जवान तैनात झाले. ही सेवा फुकट नसते, तिचा खर्च कंपनी भरते. महादेवपुरातल्या टेक पार्कांच्या आणि मॉलच्या दारांवर मात्र बहुतेक खासगी एजन्सीचेच गार्ड दिसतात.

तीन गणवेश, तीन कामं

खासगी गार्ड, पोलीस आणि सीआयएसएफ जवान यांत लोक अनेकदा गल्लत करतात. खासगी गार्डला अटकेचे खास अधिकार नाहीत. तो एजन्सीचा नोकर असतो. पोलीस गुन्हा नोंदवतात, तपास करतात, आरोपपत्र दाखल करतात. सीआयएसएफ जवान कायद्याने ठरवून दिलेल्या परिस्थितीत वॉरंटविना अटक करू शकतो, पण पकडलेला माणूस विनाविलंब पोलिसांच्या हवाली करावा लागतो. तपास त्याच्या वाट्याला येत नाही. ज्याला गुन्ह्याचा छडा लावायची ओढ आहे, त्याने पोलीस किंवा एनआयएचाच विचार करावा. सीआयएसएफमध्ये लागतं ते शांत डोकं, तीक्ष्ण नजर आणि रोज तेच काम पहिल्या दिवसाच्या काळजीने करण्याची ताकद. शंभर बॅगा निर्धोक निघाल्या तरी पुढची बॅगही तितक्याच लक्षाने पाहावी लागते. शिवाय प्रवाशाशी सौजन्याने बोलणं हाही कामाचाच भाग आहे. दलाची स्वतःची अग्निशमन शाखाही आहे. बारावी विज्ञान झालेल्यांसाठी कॉन्स्टेबल (फायर) ही वेगळी भरती निघते.

वाट कशी आहे

सर्वात मोठं दार म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनची जीडी, म्हणजे जनरल ड्यूटी, कॉन्स्टेबल परीक्षा. दहावी उत्तीर्ण आणि वय १८ ते २३. ओबीसींना तीन, तर अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सूट. संगणकावरची परीक्षा ८० प्रश्नांची, १६० गुणांची, एका तासाची. २०२४ पासून ती मराठीतूनही देता येते. हा बदल फार मोलाचा आहे, कारण गणित आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न आता आपल्या भाषेत वाचता येतात. इंग्रजी किंवा हिंदीचा विभाग मात्र त्याच भाषेत सोडवावा लागतो. मैदानी चाचणीत मुलांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत, मुलींना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत धावायचं असतं. सर्वसाधारण उंचीची अट मुलांना १७० आणि मुलींना १५७ सेंटिमीटर. सपाट तळवे, एकमेकांना टेकणारे गुडघे, रंगांधळेपणा यांवर मेडिकलमध्ये नाव कटतं. म्हणून वर्षभर घाम गाळण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

वयाचं गणित इथे कळीचं आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीत खुल्या गटाला २८ पर्यंत संधी असते. तिच्या भरवशावर बसलेल्यांच्या हातून केंद्राची संधी आधीच निसटते. म्हणून विशीच्या आत दोन्हींची तयारी एकत्र करावी. दुसरा मुद्दा दाखल्याचा. जीडीच्या जागा राज्यवार वाटलेल्या असतात आणि अधिवास प्रमाणपत्र लागतं. महादेवपुरात वाढलेल्या मराठी मुलाने आपला अधिवास कर्नाटकचा की महाराष्ट्राचा, हे अर्ज भरण्याआधीच कागदोपत्री पक्कं करावं. पदवीधरांना स्टाफ सिलेक्शन कमिशनच्याच सीपीओ (केंद्रीय पोलीस संघटना) परीक्षेतून उपनिरीक्षक आणि यूपीएससीच्या सीएपीएफ (केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं) परीक्षेतून असिस्टंट कमांडंट होता येतं.

घेताना काय द्यावं लागतं

कॉन्स्टेबलचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार २१,७०० रुपयांपासून सुरू होतं, वर भत्ते. उपनिरीक्षकाचं ३५,४०० पासून. पण बदली देशात कुठेही होते. पाळ्या दिवसरात्र असतात, सणाला घर मिळेलच असं नाही, हवं तेव्हा कुटुंबासाठी सरकारी निवासस्थान मिळेल याची खात्री नाही. संघटना बांधायची किंवा संपावर जायची मुभा नाही. आता भरती होणाऱ्याला जुनी पेन्शनही मिळत नाही. लग्न ठरवताना, कर्ज काढताना, आईवडिलांच्या आजारपणाचा विचार करताना हे सगळं घरात बसून स्पष्ट बोलायला हवं.

सरकारी नोकरी म्हणून कुठल्याही दलाचा फॉर्म भरणं आपल्याकडे सर्रास चालतं. ते समजण्यासारखं आहे, घर चालवायचं असतं. तरी या दलाची निवड कामाचा स्वभाव ओळखून व्हावी. इथलं यश बातमीत येत नाही. काही घडलं नाही म्हणजे दिवस चांगला गेला, यातच ज्याला समाधान वाटू शकतं, त्या मुलाला किंवा मुलीला घरच्यांनी जरूर पाठिंबा द्यावा. देशाला अशा माणसांची गरज आहे आणि त्यांच्या कामाला आपण आजवर दिला त्यापेक्षा कितीतरी जास्त मान द्यायला हवा.