मऊ लसणी पाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लसणी पावाचा मऊपणा ठरतो तो पिठात किती पाणी टिकले आणि भाजताना त्यातले किती उडाले यावर. मैद्यातील ग्लुटेनिन व ग्लायडिन ही प्रथिने पाण्यात भिजली की त्यांची लवचीक जाळी तयार होते. तिलाच ग्लुटेन म्हणतात. यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड या जाळीत अडकतो आणि पीठ फुगते. घरगुती प्रमाण साधारण असे : मैदा 300 ग्रॅम, कोमट दूध किंवा दूध-पाणी 200 मिलिलिटर, इन्स्टंट यीस्ट 5 ग्रॅम, साखर 15 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम, लोणी 30 ग्रॅम. यात साठेक ग्रॅमचे नऊ पाव होतात.

गैरसमज : यीस्ट जितके जास्त, पाव तितका हलका.
वस्तुस्थिती : जास्त यीस्टने पीठ भराभर फुगते, पण चव मुरायला वेळ मिळत नाही. जाळी प्रमाणाबाहेर ताणली जाते, पाव भट्टीत बसतो आणि उग्र वास राहतो. हवा थंड असेल तर यीस्ट वाढवण्याऐवजी वेळ वाढवावा.

गैरसमज : मिठाने यीस्ट मरते आणि साखरेशिवाय ते जागे होत नाही.
वस्तुस्थिती : वरील प्रमाणातले मीठ यीस्टचा वेग थोडा कमी करते, त्याला मारत नाही, उलट ग्लुटेनला बळकटी देते. पिठातील एन्झाइम स्टार्चपासून माल्टोज तयार करतात, त्यामुळे साखर न घालताही यीस्टला खाद्य मिळते. यीस्ट खरोखर मरते ते कढत दुधाने. दूध साधारण 38 ते 40 अंश सेल्सिअस, म्हणजे बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकेच असावे. 60 अंशांच्या आसपास यीस्ट जगत नाही.

गैरसमज : पीठ हाताला चिकटले की वरून मैदा घालावा.
वस्तुस्थिती : ही चपातीच्या कणकेची सवय आहे आणि पाव दगडासारखा होण्याचे सर्वांत मोठे कारणही. पावाचे पीठ सुरुवातीला चिकटच असते. दहा-बारा मिनिटे मळले, हाताला तेलाचे बोट लावले, की ते आपोआप गुळगुळीत होते. मळणे पुरेसे झाले का, हे पाहायला लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणावा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पापुद्रा न फाटता निघाला, तर जाळी तयार आहे. लगेच फाटला, तर आणखी मळावे. गव्हाची कणीक वापरल्यास त्यातला कोंडा पाणी शोषतो आणि जाळीत अडथळा आणतो, म्हणून पाणी वाढवावे लागते आणि पाव थोडा घट्टच होतो.

गैरसमज : पीठ बरोबर एक तास फुगू द्यावे.
वस्तुस्थिती : घड्याळापेक्षा तापमान महत्त्वाचे. मे महिन्यातल्या उकाड्यात पाऊण तास पुरतो, थंडीत दोन तासही लागतात. पीठ दुप्पट झाल्यावर त्यात ओले बोट खुपसावे. खळगा सावकाश, अर्धवट भरला तर पीठ तयार आहे; झटकन भरला तर वेळ द्यावा. पावांना आकार दिल्यावर दुसऱ्यांदा फुगवतानाही हीच खूण पाहावी.

गैरसमज : कच्चा लसूण पिठात मळला की स्वाद जास्त येतो.
वस्तुस्थिती : लसूण ठेचला की ॲलिसिन तयार होते. ते सूक्ष्मजीवांना मारक असल्याने भरपूर कच्च्या लसणाने यीस्टही मंदावते. लसूण लोण्यात मंद आचेवर परतून पिठात घालावा. वर लावायचे लसूण-कोथिंबिरीचे लोणी पाव बाहेर काढताच लावावे. आधी लावले तर लसूण करपून कडू होतो.

गैरसमज : अंडे आणि ओव्हन नसेल तर पाव मऊ होत नाही.
वस्तुस्थिती : लादीपावात अंडे नसते. त्याचे गोळे शेजारी शेजारी लावतात. फुगून ते एकमेकांना चिकटतात आणि बाजूंना कडक कवच धरत नाही. लसणी पावही असेच लावावेत. ओव्हन 180 ते 190 अंशांवर आधी तापवून वीसेक मिनिटे भाजावे. मंद आचेवर रेंगाळत भाजलेला पाव कोरडा पडतो. जाड बुडाच्या झाकणबंद कढईत, स्टँडवर डबा ठेवूनही पाव होतो. वरून आच नसल्याने रंग मात्र फिकट राहतो. भाजल्यावर पाव सुती कापडाखाली झाकले की कवच नरम पडते.

गैरसमज : उरलेले पाव फ्रिजमध्ये ताजे राहतात.
वस्तुस्थिती : फ्रिजच्या थंडाव्यात स्टार्च पुन्हा स्फटिकरूप घेऊ लागते आणि पाव अधिक लवकर शिळा होतो. एक-दोन दिवसांत संपणारे पाव बंद डब्यात बाहेर ठेवावेत, बाकीचे फ्रीझरमध्ये ठेवून लागतील तसे गरम करावेत. लसणाच्या लोण्याचे मात्र उलट आहे. चरबीत बुडालेल्या लसणात हवा पोचत नाही आणि बोटुलिझमचे विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात. म्हणून हे लोणी ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे.