यजमानपदाची शर्यत आणि त्र्यंबकची चढण

नोव्हेंबर २०२२मध्ये ब्रसेल्सला जागतिक विद्यापीठ क्रीडा महासंघाची बैठक भरली. २०२७च्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा कुणाकडे द्यायच्या, हे तिथे ठरणार होतं. दोन दावेदार समोरासमोर होते, दक्षिण कोरियातला चुंगचोंग परिसर आणि अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना राज्य. कोरियाने बाजी मारली. पण नॉर्थ कॅरोलायनाने नाद सोडला नाही आणि पुढे २०२९ची स्पर्धा पदरात पाडून घेतलीच. ज्या मुलामुलींची नावं अजून वर्तमानपत्रांत नीट छापूनही आलेली नाहीत, त्यांच्या स्पर्धांसाठी शहरं आणि राज्यं एवढी का झटतात?

याचं उत्तर अमेरिकेतल्या ओमाहा या शहरात सापडतं. नेब्रास्का राज्यातलं हे शहर कॉलेज बेसबॉलची अंतिम फेरी १९५०पासून दरवर्षी भरवत आलं आहे. साठ वर्षांनंतर जुनं मैदान अपुरं पडू लागलं, तेव्हा स्पर्धा दुसरीकडे जाईल ही भीती खरी होती. शहराने नवं स्टेडियम उभारलं, २०११मध्ये ते खुलं झालं आणि त्याच्या बदल्यात २०३५पर्यंत स्पर्धा ओमाहातच राहील असा करार पदरी पडला. तिथे व्यावसायिक बेसबॉलचा पहिल्या फळीतला संघ नाही. देशाला ओमाहाचं नाव माहीत आहे ते कॉलेजच्या पोरांमुळे. इंडियानापोलिसने तर १९७९मध्येच शहरात स्पर्धा आणण्यासाठी एक स्वतंत्र संस्था काढली. पुढे १९९९मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या शिखर संस्थेचं मुख्यालयच तिथे आलं. करोनाच्या काळात, २०२१मध्ये, पुरुषांची अख्खी कॉलेज बास्केटबॉल स्पर्धा एकाच राज्यात खेळवायची वेळ आली, तेव्हा ती बहुतांशी याच शहरात पार पडली. तयारी आधीपासून होती म्हणूनच ते जमलं.

आपल्याकडचा खेळ वेगळा आहे. इथे शहर नव्हे, विद्यापीठ यजमान असतं. १९२५मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून सुरू झालेला भारतीय विद्यापीठ संघ दरवर्षी स्पर्धांचं वेळापत्रक ठरवतो आणि कुठल्या खेळाचं यजमानपद कुठल्या विद्यापीठाला, हे जाहीर करतो. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया चषक १९३५-३६पासून खेळला जातो. म्हणजे ही परंपरा अमेरिकेपुढे मान खाली घालावी अशी मुळीच नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या खेळाडूची वाट पाहा: आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक या विभागांची आंतरविभागीय लढत, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग बऱ्याच खेळांत पश्चिम विभाग आणि शेवटी अखिल भारतीय स्पर्धा. या प्रत्येक पायरीवर कुणीतरी यजमान लागतो. संघांची राहण्याजेवणाची सोय, पंच, डॉक्टर, रुग्णवाहिका, खेळाडूंच्या कागदपत्रांची तपासणी, हे सगळं यजमानाच्या गळ्यात. वसतिगृहं मोठी आणि मैदानं तयार असलेल्या संस्थांकडे त्यामुळे यजमानपद साहजिकच वळतं. शारीरिक शिक्षण संचालक कितीही धडपडे असले, तरी लहान गावातलं कॉलेज हात वर करायलाच कचरतं.

‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा आल्या आणि यजमानपदाला राज्यांच्या प्रतिष्ठेची धार आली. २०२०मध्ये भुवनेश्वर, २०२२मध्ये बंगळुरू, २०२३मध्ये उत्तर प्रदेश, २०२४मध्ये ईशान्य भारत, २०२५च्या अखेरीस राजस्थान. पहिल्या पाच स्पर्धांत महाराष्ट्राचं नाव नाही, ही या राज्याने मनाला लावून घ्यावी अशी गोष्ट आहे. याच यादीत एक शिकण्याजोगा धडाही आहे. उत्तर प्रदेशाने सगळे खेळ लखनौत कोंबले नाहीत. नौकानयन गोरखपूरच्या रामगढ तलावावर झालं. गावात जे आहे, त्याला साजेसा खेळ त्या गावाला मिळाला.

महाराष्ट्राला यजमानपदाचा अनुभव नाही असंही नाही. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचं संकुल उभं राहिलं. त्यानंतर तिथे २००८मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, २०१९मध्ये ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धा झाल्या. २०१३ची आशियाई मैदानी स्पर्धा मुळात चेन्नईत व्हायची होती. श्रीलंकेच्या खेळाडूंच्या सहभागावरून तामिळनाडू सरकारने नकार दिला आणि ती अखेर पुण्यात आली. एकदा नीट बांधलेलं मैदान असं पुढची कित्येक वर्षं स्पर्धा ओढून आणतं. मात्र राज्याचं सगळं वजन पुणे-मुंबईकडे झुकलं, हेही तितकंच खरं.

नाशिकने अलीकडे आपली चुणूक दाखवली आहे. जानेवारी २०२४मध्ये सत्ताविसावा राष्ट्रीय युवा महोत्सव इथे भरला, देशभरातले तरुण आले, तपोवनात पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढच्या जानेवारीत हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे नाशिककरांच्या गोल्फ क्लबवर, महाराष्ट्र आणि बडोद्याचा रणजी सामना रंगला. तरीही नाशिक जिल्ह्याची खेळातली खरी ओळख क्रिकेटची नाही. ती धावण्याची आहे.

हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत डोंगरवाटांवर वाढली. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटरमध्ये कांस्य जिंकलं. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने १० हजार मीटरमध्ये रौप्य आणि ५ हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं. लोक तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणू लागले ते उगीच नाही. प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली नाशिकमध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंची एक फळीच तयार झाली. मोनिका आथरे २०१७च्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. संजीवनी जाधवने त्याच वर्षी तैपेईत, जागतिक विद्यापीठ स्पर्धेत, १० हजार मीटरचं रौप्य आणलं. ज्या स्पर्धेच्या यजमानपदासाठी कोरिया आणि अमेरिका झुंजतात, त्याच स्पर्धेत या जिल्ह्यातल्या मुलीच्या गळ्यात पदक पडलं.

मग याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरसारख्या लहान गावाला यजमान व्हायचं असेल, तर त्याने कुठला खेळ मागावा, याचं उत्तर समोरच आहे: क्रॉस कंट्री. या शर्यतीला ना स्टेडियम लागतं, ना सिंथेटिक ट्रॅक. माती, गवत, चढउतार आणि साधारण दीड-दोन किलोमीटरचा फेरा एवढं मिळालं की झालं; जागतिक स्पर्धेत वरिष्ठ गटाचे पुरुष आणि महिला दोघंही असे फेरे घेत १० किलोमीटर धावतात. त्र्यंबक समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतं, पण विद्यापीठांचा खेळाचा मोसम मुख्यतः हिवाळ्यातला. त्या दिवसांत इथली थंड हवा धावणाऱ्याला मानवते.

असं गाव जगाच्या नकाशावर येऊ शकतं का? फ्लोरिडातल्या टॅलाहासीकडे बघावं. मायामीसारखा तिथे झगमगाट नाही. स्थानिक प्रशासनाने तिथल्या एका उद्यानात खास क्रॉस कंट्रीसाठी मार्ग राखला आणि वर्षानुवर्षं सांभाळला. २०२१मध्ये अमेरिकेची कॉलेज क्रॉस कंट्री अंतिम शर्यत तिथे झाली आणि जानेवारी २०२६मध्ये थेट जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा. आधी कॉलेजची पोरं आली, जग त्यांच्या मागून आलं.

पाहुणे सांभाळण्यात त्र्यंबकचा हात कोण धरणार? २०११च्या जनगणनेत अवघ्या बारा हजारांच्या घरात असलेलं हे गाव पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेत लाखो वारकऱ्यांना सामावून घेतं. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला तरुणांची रीघ लागते. रात्रीच्या अंधारात, चिखलातून, वीस किलोमीटरच्या आसपास चालत ती फेरी पुरी होते. भक्तनिवास, धर्मशाळा, जेवणावळी, गर्दीचा बंदोबस्त हे इथे नव्याने शिकावं लागत नाही. आणि आता २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते, पाणी, वाहनतळ, निवासव्यवस्था यांवर मोठा खर्च होतो आहे. पर्वण्या संपल्यावर या सोयींचं काय करायचं, हा प्रश्न दर बारा वर्षांनी पडतो. विद्यार्थ्यांच्या स्पर्धा हे त्याचं एक चांगलं उत्तर आहे.

एक पथ्य मात्र पाळलंच पाहिजे. शर्यतीच्या नावाखाली डोंगर फोडायचा नाही. जवळच्या अंजनेरी डोंगराचा माथा दुर्मीळ वनस्पतींचं घर आहे आणि संवर्धन राखीव म्हणून घोषित झालेला आहे. ब्रह्मगिरी तर गोदावरीचा उगम. मार्ग पायथ्याच्या माळावर, शेतकऱ्यांच्या संमतीने आणि त्यांना मोबदला देऊनच आखला पाहिजे. तसं करता येणार नसेल, तर स्पर्धा न झालेली बरी.

सुरुवात फार मोठ्याने करायची गरज नाही. त्र्यंबकेश्वरात महाविद्यालय आहे, नाशिक जिल्ह्यात विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. आधी नाशिक विभागाची शर्यत, मग आंतरविभागीय, मग अखिल भारतीय स्पर्धेचं यजमानपद, अशी पायरी पायरीने मागणी करता येते. प्राचार्यांनी अर्ज करावा, नगर परिषदेने निवासाची हमी द्यावी, तालुक्यातल्या निवृत्त धावपटूंना पंच म्हणून बोलवावं. सिंहस्थानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात निदान विभागीय क्रॉस कंट्री त्र्यंबकला व्हावी आणि हरसूलच्या पाड्यांवरच्या मुलींना ती पाहायला नाही, धावायला बोलवावं. हा अर्ज तयार करायला हाताशी पुरेसा वेळ आहे. कुणीतरी आता कागद पुढे ओढायला हवा.